वाट्याचं ऊन

कल्लाप्पानं पाण्याचा हंडा बांधावर टेकवला, कपाळावर आडवा हात धरला आणि वर बघितलं. छतावर माणूस होता. हातात पिवळी टेप घेऊन तो वाकत होता, सरकत होता, पुन्हा वाकत होता. मोजत मोजत तो छताच्या मध्यावर आला आणि न थांबता तसाच पुढं गेला, म्हणजे सरळ कल्लाप्पाच्या अर्ध्यात.

"ए! कोण रं तू? कुणाला इचारून मोजालाईस?"

"मी संग्राम, काका. यल्लव्वा आत्त्यानं बोलावलंय," वरून आवाज आला. "सोलरच्या प्लेटा बसवायच्यात."

"मग तिचं अर्धं मोज की. हिकडं कशाला आलास?"

"ऊन सगळ्या छताव पडतंय न्हवं?" संग्राम हसत म्हणाला.

कल्लाप्पाला ते हसणं अजिबात आवडलं नाही. पोरगा यल्लव्वाला आत्त्या म्हणतोय, म्हणजे तिच्या माहेरचा. माहेरचा माणूस आणून छत मोजणं कशात बसतं, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

घर एकच होतं, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. अलीकडं कल्लाप्पा आणि त्याची बायको निंगव्वा. पलीकडं त्याची विधवा वहिनी यल्लव्वा आणि तिची मुलगी कावेरी. परड्यातून वर जाणारा जिना सामाईक आणि वरचा स्लॅब अखंड. कल्लाप्पाचा बाप निपाणीकडून दगडाच्या खाणीत कामाला म्हणून आनेकलजवळ आला तेव्हा इथं नाचणीची शेतं होती. आता एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला प्लॉट आणि दूर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांच्या काचा. बापाच्या जमिनीतलं कल्लाप्पाकडं उरलं होतं ते घरामागचं आठ गुंठ्यांचं परडं. त्यात तो मेथी, शेपू, कोथिंबीर करायचा आणि मोपेडवर घालून फ्लॅटवाल्यांना विकायचा.

बापानं थोरल्या खंडोजीला जवळ ठेवून इथल्या कन्नड शाळेत घातलं आणि कल्लाप्पाला निपाणीला मामाकडं धाडलं. तिथं तो मराठी सातवी झाला. कन्नड तो भांडता येईल इतकं चांगलं बोलायचा, पण वाचायचं म्हटलं की बोट एकाच ओळीवर अडून बसायचं. त्यामुळं वाटणीचा कागद झाला तेव्हा तो खंडोजीनं वाचून दाखवला आणि कल्लाप्पानं खाली मराठीत सही ठोकली. सहा महिन्यांनी कळलं, गटारीकडचा फणस खंडोजीच्या वाट्याला गेलेला. खंडोजीनं वाचताना फणस गाळला, की कल्लाप्पाच्याच कानातून तो निसटला, हे देवाला ठाऊक. खंडोजी जाऊन तीन वर्षं झाली. यल्लव्वा दर उन्हाळ्यात त्या फणसाची निम्मी फळं इकडं पाठवायची. कल्लाप्पा ती चवीनं खायचा आणि म्हणायचा, मनात चोर असल्याशिवाय कोण पाठवतं?

आवाज ऐकून यल्लव्वा दारात आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका खानावळीला ती रोज दीडशे भाकरी पुरवायची. पहाटेपासून घरघंटीवर ज्वारी दळायची आणि दुपारपर्यंत थापत बसायची. उजवा खांदा आताशा वर होत नव्हता, म्हणून ती डावीकडं कलून उभी राहायची. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा कल्लाप्पा दहा वर्षांचा होता, त्यामुळं ती त्याला आजही अरेतुरेच करायची.

"आरडू नगंस," ती म्हणाली. "दिवसा वर वीज तयार व्हती, ती घरात वापरायची. उरली तर तारंतनं कंपनीकडं जाती. मीटर दोन्हीकडनं मोजतंय आणि बिलातनं वजा करतंय. कायदा हाय तसा. पण छत दोघांचं, म्हणून तुझी हरकत न्हाय असं लिहून पाहिजे."

"किती दिसांसाठी?"

उत्तर संग्रामनं दिलं. "पंचवीस वर्सं तर प्लेटा आरामात चालत्यात, काका."

पंचवीस! कल्लाप्पानं खाणीत कामाला असताना ऐकलं होतं, बारा वर्षं कब्जा राहिला की जागा कब्जेवाल्याची. इथं तर दोनदा बारा आणि वर एक.  त्यानं हंडा उचलला, मेथीच्या वाफ्यात ओतला आणि पुन्हा हौदाकडं गेला. बोअरला मोटर होती, पण गेल्या महिन्याचं बिल बघून त्यानं ती दिवसाला एकच तास चालवायची असं ठरवलं होतं. हौद भरेपर्यंत तास संपायचा आणि वाफ्यांना पाणी हातानंच घालावं लागायचं. चाळीस हंडे सकाळी, चाळीस संध्याकाळी. खाणीत मोडलेला डावा पाय विसाव्या हंड्याला बोलायला लागायचा.

दुसऱ्या दिवसापासून निंगव्वाला छतावर वाळवणं घालायचा हुकूम झाला.

"काय वाळवू?" तिनं विचारलं. "मिरच्या झाल्या. शेवया झाल्या."

"गोधड्या घाल."

"कालच धुतल्यात की ओ."

"परत घाल. आपल्या अर्ध्यात रोज काय तरी पाहिजे. वहिवाट मोडली की हक्क गेला."

निंगव्वानं कोरड्या गोधड्या वाळवायला नेल्या. चार दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी तिनं जुन्या बारदानाची पोती पसरली. शेजारच्या प्लॉटवरची गवंड्याची बायको वर बघून म्हणाली, "अक्का, पोती पापडासारखी तळणार काय?" निंगव्वा हसली, पण खाली आल्यावर तिनं जेवणाचं ताट जरा जोरातच आदळलं.

पाचव्या दिवशी यल्लव्वा स्वतः आली. ओसरीवर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"कल्लाप्पा, तुला भ्या वाटतंय न्हवं? मग वर चल. रेघ मार. तुझं अर्धं ते तुझंच ऱ्हाईल असं कागदावर लिहून घे."

"लिहितंय कोण? तुमचा भाचाच न्हवं?"

"मग दुसऱ्याकडनं वाचून घे. बाजारात मानसं मेलीत व्हय?"

त्यानं तसंच केलं. सुतळीनं छत मोजलं, चुन्याची रेघ ओढली. संग्रामनं ना-हरकतीत 'छताच्या मालकीत काही बदल नाही' असं वाक्य घातलं. कल्लाप्पानं तो कागद आनेकलच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतला आणि लगेच सही केली नाही. चहा पिऊन आला, पुन्हा एकदा वाचायला लावलं, दोन्ही वेळा सारखंच निघतंय का ते बघितलं आणि मग सही केली. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.

ती शांतता आठच दिवस टिकली.

निंगव्वा पाण्याला गेली असताना तो विड्या शोधत होता. ती विड्या लपवून ठेवायची आणि रोज जागा बदलायची. तांदळाच्या डब्यामागं हात घातला तर विड्या मिळाल्या नाहीत, घडी घातलेला कागद मिळाला. सगळं कन्नड. खाली निंगव्वाची सही, तिसरी शिकलेल्या बाईची, मोठाली आणि वाकडी. मध्ये एक चौकट होती आणि चौकटीत आकडे. आकडे त्याला वाचता येत होते. वरच्या ओळीत यल्लव्वाच्या मीटरचा नंबर, ८४३०. खालच्या ओळीत ८४३१. तो त्याच्या घरचा. दोन्ही नंबरांपुढं एकच आकडा होता, ५०.

कल्लाप्पानं बोट ठेवून आकडे पुन्हा वाचले.

त्यांच्या घरची जोडणी निंगव्वाच्या नावावर होती. मीटर घेतलं तेव्हा कल्लाप्पा पाय मोडून दवाखान्यात पडलेला, म्हणून तिच्या नावानं अर्ज केला होता. त्याचा असा उपयोग होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. प्लेटा यल्लव्वाच्या, घरघंटी तिची, भाकरी तिच्या आणि खर्चाचे पन्नास टक्के याच्या मीटरवर! आणि सही कुणाची, तर खुद्द बायकोची. छतावर रेघ मारून तो राखणीला बसला होता आणि घराचं मागचं दार आतूनच उघडलं होतं.

त्यानं कागद होता तसा डब्यामागं ठेवला. निंगव्वा आली तेव्हा तो बाहेर जुड्या बांधत होता. विचारलं असतं तर हंडा रिकामा व्हायच्या आत उलगडा झाला असता. पण विचारायला समोरच्या माणसावर थोडा तरी भरवसा लागतो, आणि कल्लाप्पाकडचा साठा त्या दुपारी संपला होता. त्यानं फक्त तिच्या हालचाली बघायला सुरुवात केली. ती भिंतीपलीकडं किती वेळा जाते, येताना हसत येते का. ती तीनदा गेली आणि दोनदा हसत आली.

दुसऱ्या दिवशी तो भाजी घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नेहमीच्या इमारतीकडं गेला. तिथं पहारेकरी बदलला होता. नव्यानं मोपेड फाटकाबाहेर लावायला लावली, टोपलीत हात घालून जुड्या उलट्यापालट्या केल्या आणि वहीत नाव लिहून घेतलं. कल्लाप्पा ऊन खात उभा राहिला. कोथिंबीर त्याच्याआधी मान टाकायला लागली. शेवटी शुभदाताई खाली आल्या. त्या पुण्याच्या, आयटीतल्या. मराठी बोलणारा भाजीवाला म्हणून त्या नेहमी त्याच्याकडूनच घ्यायच्या.

"ताई, तुमच्या हितं छताव सोलर हाय न्हवं?" त्यानं जुडी देत विचारलं.

"आहे ना. पण त्याची वेगळीच स्टोरी आहे, काका. टेरेस कुणाची यावरून दोन ग्रुप पडलेत. आता मॅटर कोर्टात आहे."

"कोर्टात?"

"हो ना! लोकांनी पेपर्स न वाचता साइन केले. तुम्ही बसवताय का? मग सही करताना नीट वाचून करा हं."

शुभदाताई मेथी घेऊन गेल्या. त्या चांगल्या मनानं बोलल्या होत्या आणि सल्लाही सोळा आणे खरा होता. कल्लाप्पानं उरलेल्या जुड्या कशाबशा खपवल्या आणि मोपेड घराकडं न वळवता आनेकलच्या वीज कार्यालयाकडं वळवली.

वाटेत तो त्याच झेरॉक्सवाल्याकडं थांबला. "कन्नडमधनं एक अर्ज लिव्ह," तो म्हणाला आणि सांगत गेला. छताला मी परवानगी दिली ती फक्त ८४३० साठी. ८४३१ हे माझ्या घरचं मीटर. त्याचा या सोलरशी काही संबंध ठेवू नये. ठेवला तर मी छताची परवानगी मागं घेतो. झेरॉक्सवाल्यानं भराभर लिहिलं. कल्लाप्पानं खाली सही केली. निंगव्वाच्या न वाचता केलेल्या सहीतून सुटायला आपण आणखी एक न वाचता सही करतोय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. घाईत माणसाच्या ध्यानात काय काय येत नाही!

कार्यालयात दयानंद नावाचा कारकून होता. भला माणूस. अर्ज वाचून त्यानं चष्मा वर केला आणि कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, हा नंबर तुमच्याच घरचा ना?"

"व्हय."

"मग तो काढायचा कशाला?"

"माझं घर, माझा नंबर. मला नको."

"घरात बोलून आलात ना? अर्जावर तुमच्या मिसेसची सही आहे."

कल्लाप्पाला लगेच संशय आला. हा माणूस आपल्या बायकोची बाजू का घेतोय? यालाही भाकरी पोचतात की काय? "घर मी चालवतो," तो म्हणाला. "छताला माझी सही लागती का न्हाय?"

"लागते."

"मग मी न्हाय म्हणतो."

मागं रांगेत सातआठ माणसं खोळंबली होती. दयानंदनं चष्मा खाली घेतला. "बरं. तुमचं छत आहे, तुमची ना-हरकत नसेल तर मला काही करता येत नाही. पण एकदा काढलं की परत घालायला नवा अर्ज, अगदी पहिल्यापासून. समजलं ना?"

"समजलं."

शिक्का बसला. कल्लाप्पा बाहेर आला तेव्हा त्याचा पायसुद्धा दुखत नव्हता. वाटेत त्यानं निंगव्वासाठी पावशेर म्हैसूरपाक घेतला. चोरी पकडून वर मोठ्या मनानं माफ करणाऱ्या माणसाचं सुख त्या दिवशी त्याला मिळालं. निंगव्वानं म्हैसूरपाक खाल्ला आणि आज काय विशेष, असं विचारलं. "काय न्हाय," तो म्हणाला. तिनंही जास्त विचारलं नाही.

त्यानंतर महिना गेला. ऊन असं तापलं की दुपारी शेपूचे शेंडे जळायचे. हौदाचा तळ दिसायला लागला आणि हंडा बुडवायला कल्लाप्पाला आत पाय टाकून उतरावं लागायचं. दोन वाफे त्यानं सोडून दिले. पलीकडं घरघंटी अजूनही कंपनीच्या विजेवर घरघरायची, मध्येच वीज जायची आणि यल्लव्वाचं काम अडायचं. तेवढ्या वेळात ती पायरीवर खांद्याला तेल चोळत बसायची. तिनं त्याच्याशी बोलणं कमी केलं होतं. समोर आला की हातातलं काम बघायची. कल्लाप्पाच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता, डाव फसल्याची चरफड.

मग एका शनिवारी छोटा टेम्पो आला. संग्राम आणि दोन गडी प्लेटा वर चढवायला लागले. कल्लाप्पा आधीच वर जाऊन चुन्याच्या रेघेवर उभा होता. पायाखालचा स्लॅब चपलेतून भाजत होता, तरी हलला नाही. लोखंडी सांगाडा रेघेच्या पलीकडं बसला. एक प्लेट, दोन, तीन, चार. रेघेला कुणी पायसुद्धा लावला नाही. चौथ्या प्लेटेचे बोल्ट आवळून गडी खाली उतरले. कल्लाप्पानं आपल्या बाजूला बघितलं. सगळी रिकामी, सलग, अर्धी जागा. बापाच्या घरातला आपला वाटा आपण राखला, असं त्याला वाटलं.

निंगव्वा ताकाचे पेले घेऊन वर आली. मागं यल्लव्वा आणि कावेरी. कावेरी कारखान्यातून दुपारची सुट्टी काढून आली होती. निंगव्वानं संग्रामला पेला दिला, पदरानं घाम टिपला आणि सहज विचारलं, "बाकीच्या चार कवा येत्यात?"

संग्राम पेला तोंडाला लावून थांबला. त्यानं कल्लाप्पाकडं बघितलं, मग यल्लव्वाकडं.

"कुठल्या चार, अक्का?"

"आमच्या की रं. आठ सांगितलं होतास न्हवं? निम्मी वीज वैनीच्या मीटरला, निम्मी आमच्या. नवीन नियम आलाय म्हणून तूच मला कागुद वाचून दाखवलास."

"तो नंबर काढला, अक्का," संग्राम हळू म्हणाला. "मग एका मीटरला जेवढं बसतंय तेवढंच मंजूर झालं. चारच."

"कुणी काढला?"

 गडी खाली टेम्पोचं दार लावत होते, त्याचा आवाज आला. कावेरीनं आईकडं बघितलं आणि मग तिलाच राहवलं नाही. "काकांनी. कचेरीत लिहून दिलंय. आम्हाला पत्र आलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला विचारूनच दिलं असेल."

निंगव्वा नवऱ्याकडं वळली. ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं. तिच्या हातातलं ताक तेवढं कलंडून पायावर सांडलं.

"पन्नास..." कल्लाप्पाच्या तोंडून निघालं. "त्या कागदाव पन्नास लिवलं होतं. मला वाटलं बिल..."

"वीज होती ती!" निंगव्वा म्हणाली. "आपली मोटर दिसभर चालली असती. तुमचा पाय बघून मी सही केली. तुमाला सांगितलं असतं तर मोडून टाकलं असतंसा, म्हणून सांगितलं न्हाय. आणि न सांगताच मोडलंसा."

 यल्लव्वानं पेले गोळा केले आणि कलत्या खांद्यानं एकेक पायरी उतरत खाली गेली. सगळे गेल्यावर कल्लाप्पा एकटाच वर राहिला. त्याच्या अर्ध्यावर ऊन नुसतं रखरखत होतं, आणि त्या जागेकडं बघायची त्याला आता लाज वाटत होती.

नवं मीटर बसलं आणि पलीकडची घरघंटी पहाटेऐवजी दिवसा चालू झाली. सकाळी दहाला सुरू व्हायची. कल्लाप्पा हौदात उतरून हंडे भरायचा आणि तो आवाज ऐकायचा. निंगव्वा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. छतावर वाळवण घालायला ती पुन्हा गेली नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. बारा दिवसांत तिसरा वाफा गेला. रोज रात्री ती न बोलता त्याच्या पायाला तेल लावायची, आणि ते त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एक गोष्ट मात्र त्याला काही केल्या सुटत नव्हती. यल्लव्वानं निम्मं दिलंच का? तिच्या नावानं अर्ज, तिची धावपळ, तिचा भाचा. तिनं एकटीचं केलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. मायेनं म्हणावं, तर वाटणीपासून दोन्ही घरांत माया अशी उरली नव्हती. उलटसुलट विचार करून तो दमला. शेवटी त्याला वाटलं, वैनी मोठ्या मनाची, आपणच कोते. असं वाटल्यावर त्याला जरा बरंही वाटलं, कारण मोठ्या मनाच्या माणसाकडं पुन्हा मागायला जाता येतं.

त्यानं संग्रामला गाठलं. संग्राम म्हणाला, "तुमच्या अर्ध्याव चार प्लेटा बसतील, काका. निंगव्वा अक्काच्या नावानं नवा अर्ज करू. फकस्त आत्त्याची ना-हरकत आणा."

"माझ्या अर्ध्याला तिची ना-हरकत कशाला?"

"छत दोघांचं न्हवं?" संग्राम म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून भिंतीपलीकडं गेला. खंडोजी गेल्यापासून त्या दारात तो दिवसकार्यालाच काय तो आला होता. यल्लव्वा चुलीपुढं बसली होती. परातीत पीठ, एका अंगाला भाकरींची चळत, तव्यावर एक फुगत होती. उजवा हात चालत नव्हता म्हणून ती डाव्या हातानं थापत होती आणि भाकरी एका कडेला जाड होत होती.

"वैनी."

"ये."

तो उंबऱ्याशीच टेकला. घरघंटीचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली, मग खिशातून घडीचा कागद काढला आणि पुढं धरला.

"आमच्या प्लेटांसाठी हाय. तुमची हरकत न्हाय असं लिवायचंय. संग्रामनंच लिवलंय. तुमच्या छताला काय धक्का लागत न्हाय त्यात."

यल्लव्वानं कागद घेतला नाही. पिठाच्या हातानं कोनाड्याकडं बोट केलं.

"ठेव तितं. कावेरी सांच्याला आली की वाचून घेते. नंतर झेरॉक्सवाल्याकडनं एकदा वाचून घेते."

"दोनदा कशाला वाचायचं?"

"तू न्हाईस वाचलास?"

कल्लाप्पानं कागद कोनाड्यात ठेवला. खरं तर तिथंच उठायला हवं होतं. पण सकाळपासून मनात जुळवून ठेवलेलं मोठ्या मनाचं बोलणं कुठंतरी अडून बसलं होतं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर आलं.

"वैनी, दहा वर्साचा होतो तवापासनं तुमी मला वळखतायसा. एवढाबी भरवसा न्हाय माझ्याव?"

यल्लव्वानं तव्यावरची भाकरी उलटली. बोटाला चटका बसला तशी ते पिठात बुडवलं. मग पहिल्यांदाच मान वर करून तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. "उद्या 'माझ्या वाट्याचं ऊन खाल्लंसा' म्हणून माझ्या दारात उभा ऱ्हाशील, हे ठावं होतं मला. म्हणूनच तर निम्मं तुझ्या नंबराव लिवलं होतं."

तिनं नवा गोळा घेतला आणि थापायला लागली. कल्लाप्पा उंबऱ्यावरून उठला, कोनाड्यातल्या कागदाकडं एकदा बघितलं आणि तो तिथंच ठेवून हंडे भरायला गेला.